मुलांच्या हाती करवत कशासाठी?
लाकूडकामातून मुले काय शिकतात : एक अभ्यास



डहाणू तालुक्यातील आमच्या वसतिगृहाच्या मागच्या पडवीत दर शनिवारी सकाळी करवतीचा आणि हातोडीचा आवाज सुरू असतो. सहावी ते आठवीतील वारली, कोकणा आणि कातकरी मुले-मुली तेथे लाकूडकाम करतात. मी त्यांना गणित शिकवतो, आणि शनिवारी गावातल्या एका मिस्त्रींच्या मदतीने हा वर्गही चालवतो. भेटीला येणारे हितचिंतक पुष्कळदा आपुलकीने विचारतात, "यांच्या आईवडिलांच्या वाट्याला कष्टच आले. मुलांनी शिकून पुढे जावे म्हणून आपण त्यांना येथे आणले. मग त्यांच्या हाती पुन्हा करवत कशाला?"

एका मुलाच्या वडिलांनी हाच प्रश्न याहून सरळ विचारला होता : "सर, पोराला लाकूडच तासायचे होते, तर घरी काय वाईट होते?"

प्रश्न रास्त आहे. आदिवासी मुलांना हातकाम शिकवण्यामागे "यांना एवढेच जमणार" असा समज कधी कधी लपलेला असतो. तसा समज मनात ठेवून कोणी मुलाच्या हाती करवत देत असेल, तर ती काढून घेतलेली बरी. आमचा हेतू मुलांना सुतार करण्याचा नाही. एखाद्याला सुतार व्हावेसे वाटले तर आनंदच आहे. पण जी मुलगी पुढे परिचारिका होईल आणि जो मुलगा तलाठी होईल, त्यांनाही या कामातून काही मिळते. ते काय, हे या लेखात एकेक करून पाहू.

हा विचार नवा नाही

फिनलंडमध्ये उनो सिग्नेयुस या शिक्षणतज्ज्ञांच्या प्रयत्नांनी १८६६ मध्ये हस्तकाम हा शाळेतील सक्तीचा विषय झाला. स्वीडनमधील नेस येथे ओटो सॉलोमन यांनी शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले, आणि अनेक देशांतून शिक्षक तेथे शिकायला गेले. या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. तिचे नियम साधे आहेत. सोप्याकडून अवघडाकडे जावे. मुलाने उपयोगाची वस्तू करावी आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करावी. अचूकपणा, स्वावलंबन आणि श्रमाविषयी आदर हे गुण मुलांत यावेत, हा तिचा उद्देश होता.

आपल्या महाराष्ट्रात १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने जे मूलोद्योग सुचवले, त्यांत सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला. आपल्यापैकी अनेकांना शाळेतला 'कार्यानुभव'चा तास आठवत असेल. आमच्याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांना पाने, बिया, शंखशिंपले अशा परिसरातल्या वस्तूंतून शिकवले. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले प्रत्यक्ष काम करत तंत्रज्ञान शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत शिकावे, असे सुचवले आहे.

१. फळी चूक लपवत नाही

पहिल्याच महिन्यात मी मुलांना ६० सेंटिमीटरची एक फळी देतो आणि तिचे २० सेंटिमीटरचे तीन तुकडे करायला सांगतो. मुले २० मोजतात, कापतात. पुन्हा २० मोजतात, कापतात. तिसरा तुकडा भरतो १९.६ सेंटिमीटर. मग वाद सुरू होतो. पट्टी चुकली? मापणारा चुकला? कोणीच चुकलेले नसते. करवत प्रत्येक कापात सुमारे दोन मिलिमीटर लाकूड खाते. दोन कापांचे चार मिलिमीटर भुसा होऊन जमिनीवर पडलेले असतात.

वहीत ६० भागिले ३ म्हणजे २०च. पण फळीवर करवतीचाही हिशेब धरावा लागतो. गणित कशासाठी शिकायचे, हे मुलांना येथे वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय वहीतले उत्तर चुकले, तर ते चुकल्याचे शिक्षक सांगतात. मूल ते शिक्षकांचे मत समजते, कधी त्यांचा रागही समजते. फळी आखूड झाली, तर ती कोणावर रागावत नाही आणि कोणाची बाजूही घेत नाही. चूक कोठे झाली, हे मूल स्वतः शोधते. शाळेत सतत "चूक, चूक" ऐकून गप्प झालेल्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

२. सूत, इंच, मिलिमीटर आणि हात

मिस्त्री फूट, इंच आणि सुतात बोलतात; पाठ्यपुस्तक मिलिमीटरमध्ये. एका इंचात आठ सूत. "साडेतीन इंच दोन सूत" म्हणजे किती, असे मिस्त्रींनी विचारले, की मुले बोटांवर हिशेब करून "पावणेचार" म्हणतात. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द त्यांना बाजारातून ठाऊक असतात. तेच अपूर्णांक पुस्तकात अंश आणि छेद होऊन आले की मुले बिचकतात. आता तीच मुले २/८ आणि १/४ एकच आहेत, हे टेपवर बोट ठेवून दाखवतात.

रविवारच्या वर्गात आम्ही निर्गमाच्या २५व्या अध्यायातील कोश मोजून पाहिला. बाभळीच्या लाकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच. मुलांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत आपापला हात मोजला. एकाचा ३६ सेंटिमीटर, दुसरीचा ४१. त्या मापांनी जमिनीवर खडूने कोश आखला, तर दोन वेगळ्या आकारांचे कोश तयार झाले. सगळ्यांचे माप एक का असावे लागते, हे त्या दिवशी सर्वांना समजले. आणि बाभूळ म्हटल्यावर एक मुलगा लगेच म्हणाला, "कठीण लाकूड. बैलगाडीच्या चाकाला लागते."

३. काटकोन आणि तीन पाय

गुण्या नसेल तर काटकोन कसा काढायचा? दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून बारा भाग पाडायचे आणि तीन, चार व पाच भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणून धरायचा. तीन आणि चार भागांच्या बाजू जेथे मिळतात, तेथे काटकोन होतो. पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर येण्याआधी या मुलांच्या हातांतून गेलेला असतो.

चौकट खरोखर आयताकार झाली का, हे पाहायला दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे असले, तर चौकट बरोबर. नसले, तर लांब कर्णाच्या टोकांकडून दाबायचे.

चार पायांचे स्टूल डगमगते. तीन पायांची तिपाई खडबडीत जमिनीवरही पक्की उभी राहते. का? तीन बिंदूंतून जाणारे एक प्रतल नेहमीच मिळते. चौथा बिंदू त्याच प्रतलात येईलच असे नाही. भूमितीतले हे विधान सातवीतली मुलगी डगमगणाऱ्या स्टुलाखाली कागदाची घडी सरकवताना समजून घेते.

४. मुलांना आधीपासून येते ते

या कामात आमची मुले रिकाम्या हाताने येत नाहीत. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाला मी विचारले की कुऱ्हाडीला दांडा कोणत्या लाकडाचा घालतात. "धामणाचा." का? मग तो बराच वेळ बोलत राहिला. धामण वाकते पण मोडत नाही, घाव घातल्यावर हाताला झिणझिण्या कमी येतात, दांडा कोणत्या जाडीच्या फांदीचा घ्यायचा, ओला की वाळलेला. त्याच्या वर्गशिक्षिका दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला त्यांनी त्यालाच उभे करून लवचिकता समजावून सांगायला लावली.

पावसाळ्यात दार फुगून अडकते, हे प्रत्येक मुलाला माहीत असते. त्याचे कारण लाकडाच्या तंतूंत आहे. हवेतला ओलावा शोषून लाकूड रुंदीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. म्हणून जुलैत दार चौकटीत घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सैल होते. रेषांच्या उलट दिशेने रंधा मारला तर लाकूड उपटते. रेषांच्या बाजूने मारला तर गुळगुळीत ढलपी निघते. हे सांगून होत नाही. हाताला लागावे लागते.

लाकूड तासण्याविषयी विचारणारे ते वडील नंतर एका शनिवारी आले. कोपऱ्यात बसून पाहत राहिले. मिस्त्रींनी त्यांना कुऱ्हाडीला दांडा कसा बसवता ते मुलांना दाखवायला सांगितले. त्यांनी दांड्याच्या टोकाला चीर दिली, टोक कुऱ्हाडीच्या भोकात घातले आणि चिरेत पाचर ठोकली. पाचरीने टोक फुगले आणि दांडा घट्ट बसला. मुलांनी त्याचे चित्र वहीत काढले, खाली कृती लिहिली आणि त्यांचे नावही लिहिले. ते वाचू शकत नव्हते. मुलाने त्यांना वाचून दाखवले. आपले ज्ञान शाळेच्या वहीत लिहिले जाते, हे त्या घराने पहिल्यांदा पाहिले. त्यानंतर दर पालकसभेला ते येतात.

५. शब्द सापडतात

प्रत्येक मुलाची एक 'कामाची वही' असते. तिच्यात वस्तूचे नाव, मापांसह आकृती, लागणारे लाकूड, कृतीचे टप्पे आणि शेवटी "काय बिघडले, कसे सुधारले" हे लिहायचे. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत निबंध लिहिणे जड जाते. पण "आधी भोक पाडले नाही म्हणून पट्टी चिरली" हे वाक्य त्याला लिहायचेच असते, कारण तसे खरोखर घडलेले असते. रंधा, पटाशी, कानस, बिजागरी हे शब्द आम्ही मराठीत आणि मुलांच्या बोलीत शेजारी-शेजारी लिहितो.

६. मुलीही करवत धरतात

आम्ही मुलींना वेगळे, हलके काम देत नाही. सुरुवातीला काही मुली फक्त पॉलिशपेपर घासायला तयार असत. आता त्या करवतीसाठी रांग लावतात. सातवीतल्या एका मुलीने सुट्टीत घराच्या दाराची सुटलेली बिजागरी स्वतः बसवली. जुनी भोके सैल झाली होती म्हणून त्यांत लाकडाच्या काड्या ठोकून मग स्क्रू पिळले. ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. कुऱ्हाडीची पाचर तिने पाहिली होती.

जे लाकूडकामाने होत नाही

हे काम जादू नाही. काही मुलांना ते आवडत नाही, आणि वाचनात मागे असलेल्या मुलाला वाचन शिकवावेच लागते. मोठी अडचण वेगळी आहे. दिवाळीनंतर काही कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलांना सोबत नेतात. अशा मुलाचे अर्धे राहिलेले काम आम्ही मोडत नाही, दुसऱ्या कोणाला देतही नाही. नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवतो. गेल्या जूनमध्ये परतलेला एक मुलगा पुस्तकांआधी आपली पेटी मागत आला. दुसऱ्या एका मुलाची पेटी अजून तेथेच आहे, झाकणाशिवाय.

आमचे नियम

फक्त हाताची हत्यारे. विजेवर चालणारे एकही नाही. एका वेळी सहाच मुले. हत्यारे सुरुवातीला आणि शेवटी मोजायची. काम शिकंज्यात पक्के धरायचे, दोन्ही हात पटाशीच्या धारेच्या मागे ठेवायचे. हत्यारांना नेहमी धार हवी, कारण बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि निसटते. हत्यार दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे.

लाकूड जंगलातून आणायचे नाही. वखारीतले उरलेले तुकडे बिलासह घेतो. पॅकिंगची खोकी आणि मोडके फर्निचरही वापरतो. रसायन मारलेले किंवा जुना रंग असलेले लाकूड घेत नाही.

मुलांनी केलेली वस्तू आम्ही विकत नाही. ती मुलाची असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, मोजके अपवाद सोडता, १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. शिकणे आणि राबवून घेणे यांतली रेघ आम्हाला पुसट होऊ द्यायची नाही. कोणी कितीही प्रेमाने "वीस पाट करून द्या, दान देतो" म्हटले, तरी आम्ही नम्रपणे नकार देतो.

पवित्र शास्त्रातील कारागीर

मार्काच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात नासरेथकर येशूला 'सुतार' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. ज्याचे हात आपण रोज पाहिले, त्याच्याजवळ हे ज्ञान कोठून आले, असे त्यांना वाटते. हाताने काम करणाऱ्याला ज्ञान नसते, हा समज इतका जुना आहे. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात मात्र बसालेलाला देवाच्या आत्म्याने भरले ते धातू, रत्ने आणि लाकूड यांच्या कारागिरीसाठी. तेथे बुद्धी, ज्ञान आणि हातचे कसब एकाच श्वासात सांगितले आहेत. आपणही मुलांच्या बाबतीत त्यांना वेगळे करू नये.

करून पाहा : एक पाट

रविवारच्या शाळेत किंवा घरी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, मुले हा पाट दोन-तीन बैठकांत करू शकतात.

१. ४५ × ३० सेंटिमीटरची, २ सेंटिमीटर जाडीची फळी आणि २८ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, २.५ जाड अशा दोन पट्ट्या घ्या. आधी मुलांना आकृती काढू द्या.

२. गुण्याने रेघ मारून करवतीने कापा. करवत रेघेच्या बाहेरच्या अंगाने चालवा. फळीचे दोन्ही कर्ण मोजा.

३. पट्ट्या फळीच्या खाली, रेषांना आडव्या, दोन्ही टोकांपासून ८ सेंटिमीटर आत ठेवा. फळीला बाक का येत नाही, ते मुलांना विचारा.

४. स्क्रू खालून, पट्टीतून फळीत जाईल. पट्टी २.५ आणि फळी २ मिळून ४.५ सेंटिमीटर; याहून लांब स्क्रू वर बाहेर येईल. किती लांबीचा घ्यायचा, हे मुलांनाच ठरवू द्या. ३.५ ते ४ ठीक. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरेल.

५. कडा कानशीने मोडा आणि पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासा. शेवटी जवसाचे तेल लावा. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

६. पाटाखाली मुलाचे नाव आणि वर्ष लिहा.

अभ्यासगटासाठी प्रश्न

१. आपल्या घरी किंवा मंडळीत हाताने काम करणाऱ्यांना आपण कसे संबोधतो? त्यांचे ज्ञान आपण कधी विचारून घेतले आहे का?

२. आपल्या मुलांनी शेवटची कोणती वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केली?

३. मदत करताना "यांना एवढेच जमेल" असे आपण नकळत कोठे ठरवून टाकतो?

४. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षण तुटू नये, म्हणून आपल्या गावात काय करता येईल?

प्रार्थनेसाठी

कामावर असलेल्या मुलांच्या हातांचे रक्षण व्हावे म्हणून, आम्हाला शिकवणाऱ्या मिस्त्रींसाठी, आणि झाकणाशिवाय राहिलेल्या त्या पेटीच्या मालकाने यंदा पावसाआधी परत यावे म्हणून कृपया प्रार्थना करा.